खालून तीन ठोके

ओट्याखालच्या कपाटात माणूस मावत नाही, पण तो मावायचा. अंग चोरून, खांदा भिंतीला आणि गुडघे छातीला लावून तो आत शिरला की बाहेर फक्त त्याचे बूट उरायचे. "हे आमचे भावजी कसले, उंदीरमामा आहेत," असं मेहुणा ठेकेदाराला सांगायचा. मेहुणा स्वतः सहा फुटी, त्यामुळे त्याची जागा कायम खालच्या मजल्यावर, शिडीवर. वरून भावजींनी ड्रिलने स्लॅबला भोक पाडलं की त्याने खालून केबल ओढून घ्यायची.

दोघांची रीत बारा वर्षांची होती. ड्रिल चालू असताना हाका मारून उपयोग नसतो, म्हणून खालचा माणूस दोन्ही मजल्यांतून जाणाऱ्या पाइपवर पान्याने ठोके द्यायचा. एक ठोका म्हणजे चालू दे, तीन म्हणजे थांब.

गेली दोन वर्षं त्याला ते ठोके ऐकूच येत नव्हते. आधी बारीक आवाज गेले: दारावरची घंटा, धाकट्या लेकीचं बोलणं, शब्दांतले 'स' आणि 'त'. मागे राहिला नुसता घोगरा गाळ. टीव्हीच बिघडलाय, असं त्याने बायकोला पटवलं होतं. चारजण हसले की तोही हसायचा. कान गेले म्हणून ठेकेदाराने आधीच्या मिस्त्रीला एका दिवसात घरी बसवलं, हे त्याने पाहिलं होतं. ठोक्यांवर मात्र त्याने तोड काढली होती. ड्रिल चालवताना कोपर लोखंडी पाइपला टेकवून ठेवायचं. ठोका हाडात कळायचा. आजवर एकदाही चुकला नव्हता.

त्या दुपारी एका ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावर, पँट्रीच्या ओट्याखाली त्याने कोपर टेकवलं, तर पाइप गार लागला नाही. टॉर्च मारला. प्लास्टिक. जुना पाइप कुणीतरी बदलला होता. त्याने पान्याने ठोकून पाहिलं. कोपरापर्यंत काहीच पोचलं नाही.

मेहुणा कपाटाच्या दाराशी वाकला. "काय मामा, जमतंय ना?"

इथे ठोके लागणार नाहीत, एवढं सांगायचं होतं. पण मेहुण्याने 'का?' विचारलं असतं. कान धड असलेल्या माणसाला प्लास्टिकवरचा ठोकाही ऐकू येतो.

"जमतंय. जा तू खाली."

पाच इंचांचा स्लॅब. आधी पांढरी भुकटी आली, मग करडी. मध्येच खडी लागली, मनगट हिसकलं. ड्रिलच्या बिटला चार इंचांवर चिकटपट्टी गुंडाळली होती, ती फरशीला टेकली तसा त्याने हात हलका केला. शेवटच्या इंचात खालून टवका सुटतो, म्हणून. मग आधार गेला, बिट खाली सरकला आणि दगडासारखं नसलेलं काहीतरी लागलं.

तो खाली पोचला तेव्हा मेहुणा शिडीला टेकून बसला होता. टवका सुटला तो नेमका चालू विजेच्या वायरींवर. मेहुण्याने तीन ठोके दिले. ड्रिल थांबेना, म्हणून वायरी हाताने बाजूला खेचल्या, आणि बिट त्याच हातात घुसला होता.

हॉस्पिटलात सतरा टाके पडले. अंगठा वळवणारा स्नायुबंध तुटला होता; पकड पूर्वीसारखी येईलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. मेहुणा बँडेज मांडीवर ठेवून बाकावर बसला.

"माझंच चुकलं, भावजी. घाईत ठोके हलके पडले. त्यात तो प्लास्टिकचा पाइप."

"असेल," तो म्हणाला. हा शब्द तोंडातून फारच सहज निघाला.

"ताईला मी समजावतो. तुम्हाला बोल लावायची नाहीतर." मेहुण्याने डाव्या हाताने खिशातून इयरफोन काढले. "पण आता ठोके बंद. यापुढे फोन कानात. बघू, आत्ताच बघू."

त्याने इयरफोन भावजींच्या कानात घातले, फोन लावला आणि तो कॉरिडॉरच्या टोकाला गेला. ओठ हलले: ऐकू येतंय का?

"हो. स्वच्छ."

मग मेहुणा खिडकीकडे वळला. आता फक्त पाठ दिसत होती. कानात पाणी भरल्यासारखी घरघर आली. ती थांबली तेव्हा तो म्हणाला, "हो."

मेहुण्याने फोन बंद केला. मग सावकाश परत आला, समोर उभा राहिला.

"मी विचारलं, चहा आणू की पाणी."

त्याने कानातले इयरफोन काढले.

"ठोके हलके नव्हते ना पडले, भावजी?"

"पाइप प्लास्टिकचा आहे, हे मला आधीच दिसलं होतं," तो म्हणाला. आवाज मोठा झाला की बारीक, त्याला कळलं नाही. पलीकडच्या बाकावरच्या बाईने मात्र मान वर करून पाहिलं.

मेहुण्याने तोंड फिरवलं आणि भिंतीकडे बघत काहीतरी म्हटलं. चार-पाचच शब्द असतील. 'काय म्हणालास?' असं विचारायचा धीर त्याला झाला नाही.