विरळ

खडूच्या टोकाला कुठून तरी शाईचा निळा डाग लागला होता, उज्वला तो बोटाने पुसत होती, तेवढ्यात मुलींच्या तिसऱ्या बाकावरून मनतशा उठली — हातात वर्तमानपत्राचं कात्रण, यंदाच्या नोबेलच्या बातमीचं — "मॅडम, हे जे अतिथंड द्रव्य आहे, त्याची घनता किती असते?" आणि उज्वला डागाकडे बघतच बोलून गेली, "शून्याजवळ गोठवलेले अणू ना? दगडासारखे गच्च होणार. परीक्षेला नाही ते. बस."

मनतशा बसली. कात्रणाची घडी घालून तिने वहीत ठेवली.

लातूरच्या त्या क्लासात एका खोलीत दीडशे मुलं बसत; एखाद्याला गप्प बसवल्याचं एरवी मनात राहिलंही नसतं. पण मधल्या सुट्टीत चहा निवत चालला आणि तिच्या लक्षात आलं की उत्तर चुकलं. नुसतं चुकलं नाही... हे तर मला येत होतं. हैदराबादच्या प्रयोगशाळेत दोन वर्षं अशाच वायूंवर घालवली होती मी. ते द्रव्य हवेपेक्षा लाखपटीने विरळ ठेवावं लागतं. दाटी झाली की अणू एकमेकांना चिकटतात, ऊर्जा सुटते, सगळं उधळून जातं. मग दगड कुठून आला तोंडात?

कुठून, तेही तिला ठाऊक होतं. आठ वर्षांपूर्वी, पहाटेच्या त्या भूकंपानंतर तिसऱ्या दिवशी ती गावी पोचली, तेव्हा धाकट्या बहिणीला, सिंधुला, अग्नी देऊन झाला होता. समोर उरली होती ती घराची पडलेली भिंत, पावसात भिजलेली — तिने एका दगडावर तळवा टेकला आणि तो इतका गार लागला, की... "जागीच गेली," तिचे वडील आबा म्हणाले होते. त्यापुढे कुणी काही बोललं नाही. ती परत हैदराबादला गेली नाही. थंड म्हणजे जड, हे तेव्हापासून आत बसलं असावं, कुणी न शिकवता.

सुट्टीनंतर वर्गात जाऊन ती म्हणाली, "मघाशी मी चुकीचं सांगितलं," आणि बरोबर काय ते सांगितलं.

मनतशा पुन्हा उठली. "पण इतके लांब लांब असून ते अणू कात्रणात म्हटलंय तसे एकच कसे होतात, मॅडम?"

"गारठ्यात प्रत्येक अणूची लाट पसरते. दुसऱ्याच्या लाटेत मिसळते. त्यासाठी चिकटावं लागत नाही."

दुपारी जिन्याखाली आबा उभे होते. दर गुरुवारी ते भूकंपानंतर वसवलेल्या नव्या वसाहतीतून एसटीने तिच्यासाठी डबा आणत. चूक कबूल करणं किती सोपं गेलं होतं मघाशी — तो सोपेपणा अजून जिभेवर होता, म्हणूनच बहुधा तिने विचारलं.

"आबा, सिंधु खरंच जागीच गेली?"

ते डब्याच्या पिशवीची गाठ सोडत होते. सोडतच राहिले.

"न्हाई," ते म्हणाले. "दुपारपस्तोर बोलत व्हती. म्या दगडं काढत व्हतो... लई दगडं, बाई. आन् दोनच हातं."

"काय बोलत होती?"

"अक्काला येवढ्यात कळवू नका म्हन्ली. तिचं तिथलं काम बिघडंल."

रस्त्यावरून एक ऑटो हॉर्न वाजवत गेली.

"मला का नाही सांगितलं?"

"काम तर तू सोडूनच आलीस. मग काय सांगू?"

त्यांनी पिशवी तिच्या हातात दिली आणि तिच्याकडे न बघता पायरीवर बसले. वर पुढच्या बॅचची मुलं चढत होती. तिला हाका येत होत्या. आबांवर राग यावा, असं तिला वाटत होतं, पण येत नव्हता... आठ वर्षं सिंधु एका क्षणात संपलेली होती, आणि आता सिंधुला अख्खी सकाळ होती, उन्हं वर येत होती, ती बोलत होती, तिला तहान लागली असेल, मध्येच ती गप्प होत असेल — आणि या सकाळीत उज्वला कुठेच नव्हती. पायरीवर आबांच्या शेजारी बसताना तिला एवढंच कळत होतं, की आता ती सकाळ तिलाही काढावी लागणार, सगळी, दुपारपर्यंत.