एकट्यालाच ऐकू येणारा खडखडाट

मोठ्या खड्ड्यात गाडी आदळली तर काही नाही. पण रस्ता नुसता खडबडीत असला, गटाराचं झाकण बोटभर वर आलेलं असलं, की पुढून डावीकडून ‘टक-टक, टक’ सुरू. छापखान्यात दिवसभर पुस्तकं बांधून बाइंडरची बोटं आखडून गेलेली असायची, त्यात घरी जाताना हा भुंगा मागे लागायचा.

पूर्वी बायको शेजारी असायची. तीही त्याच छापखान्यात, छापील कागदांच्या घड्या घालायच्या टेबलावर. कंबरेनं दगा दिला तेव्हा डॉक्टरांनी तिला घरी बसवलं. तेव्हापासून कामावर जाणं-येणं एकट्याचं, आणि सकाळचा स्वयंपाक, धुणी, बाजारहाट सगळं बाइंडरच्याच गळ्यात. त्याबद्दल तो चकार शब्द काढत नसे. तक्रार करायची ती फक्त गाडीची.

एका सुट्टीच्या दिवशी त्यानं तिला मुद्दाम त्या रस्त्यावरून फिरवून आणलं. गाडी शहाण्या बाळासारखी चालली.

“कुठंय आवाज?” तिनं विचारलं.

“रोज येतो गं.”

“तुमचे कान वाजतायत.”

ओळखीचा मेकॅनिक होता. त्याला सगळे पैलवान म्हणत, आणि तो होताही तसाच. सीटवर बसला की गाडी एका अंगाला कलायची. तो दोनदा शेजारी बसून फिरून आला, दोन्हीदा मान हलवली. गाडी वर उचलून त्यानं चाकं हलवून पाहिली, पहार लावून एकेक सांधा, एकेक रबरी बुश तपासला. सगळं घट्ट. “मालक, काय बदलू सांगा. उगाच नवे पार्ट टाकायला माझा हात धजत नाही,” असं म्हणून त्यानं हात टेकले.

त्या संध्याकाळी जेवायला बसल्या बसल्या बाइंडर म्हणाला, “विकून टाकू या ही गाडी.”

बायको ताट तसंच सरकवून उठली आणि कुशीवर वळून पडून राहिली. याला वाटलं, कंबर दुखत असेल.

पुढच्या आठवड्यात तिला तपासणीला न्यायचं होतं. वाटेत दोघं गप्प, गाडीही गप्प. दवाखान्याच्या फाटकाशी त्यानं तिला हात धरून उतरवलं आणि गाडी लावायला आल्या वाटेनं मागे वळला. दहा पावलांवर रस्ता उकरून बुजवलेला होता. टक-टक, टक.

त्यानं ब्रेक दाबला. आत्ता याच तुकड्यावरून तर आलो! तेव्हा का नाही वाजलं? शेजारच्या रिकाम्या सीटकडे तो जरा वेळ बघत राहिला, मग गाडी मागे घेतली.

“बस परत.”

“अहो, नंबर जाईल माझा!”

“बस म्हणतो ना.”

ती बसली. तोच तुकडा, आवाज नाही. त्यानं तिला फाटकाशी उतरवून उभं केलं आणि एकटाच तिच्यासमोरून गेला.

“अगं बाई, वाजतंय की!” ती इतक्या जोरात ओरडली की फाटकावरचा पहारेकरी धावत आला.

डॉक्टरांनी तिला आणखी विश्रांती सांगितली. तिथून दोघं थेट पैलवानाकडे गेली.

“तुम्ही बसू नका हं आत,” बायकोनं त्याला बजावलं. “डावीकडे वजन पडलं की गाडी तोंड मिटते.”

पैलवान खो-खो हसला. “म्हणजे मीच दाबून धरला होता का चोराला!” त्यानं बॉनेट उघडलं. डाव्या चाकाचे धक्के झेलणारा शॉकअप वर जिथं गाडीच्या अंगाला जोडलेला असतो, तिथं तळहात ठेवला आणि बाइंडरला बाहेरून पुढची बाजू हलकेच दाबून सोडायला सांगितलं. “आला. हाताला लागतोय. मी सगळं खालूनच बघत बसलो.”

शॉकअप बाहेर काढल्यावर कळलं. वरच्या माउंटिंगचं रबर आतून फाटलेलं होतं. वजन असलं की जागेवर बसायचं, गाडी हलकी झाली की आपटायचं. पैलवानानं नवं आणवलं, आणि उजवीकडचंही त्याच वयाचं म्हणून दोन्ही बदलली.

काम होईस्तोवर ती भिंतीशी बाकावर टेकून बसली होती. बाइंडर एकटा चक्कर मारून आला आणि मुकाट्यानं तिच्याजवळ येऊन बसला.

“वाजतंय?”

“नाही.”

“मग असा काय चेहरा?”

तो हाताची बोटं चोळत राहिला. मग म्हणाला, “दमलोय गं मी.”

ती त्याच्याकडे वळली. “तर मग तसं म्हणायचं ना. गाडी विकायची कसली काढलीत? मला वाटलं, ही काय आता परत कामावर येत नाही, मग गाडी हवी कशाला, असं धरूनच चाललात तुम्ही.”

“असं कधी म्हटलं मी?”

“म्हणायला कशाला हवं?”

“नाही विकायची,” तो म्हणाला. त्याला आणखीही बोलायचं होतं, पण डोळे मिटायला लागले. डोकं भिंतीला टेकलं.

पैलवान किल्ली घेऊन आला, तेव्हा तिनं ओठांवर बोट ठेवलं. त्यानं किल्ली अलगद बाकावर ठेवली आणि दुसऱ्या गाडीखाली शिरला.