विहीणबाईंचे मऊ हात

आमच्या हॉस्पिटलात मला सगळे ‘साबणबाई’ म्हणतात. माझ्या मागून म्हणतात, पण कान आहेत मला. म्हणू देत. अपुऱ्या दिवसांच्या बाळांची जी खोली आहे, तिथली मी मोठी सिस्टर. आत पाऊल टाकायच्या आधी कोपरापर्यंत हात धुवायचे, मग तो डॉक्टर असो, लादी पुसणारा असो नाहीतर बाळाचा बाप, हा माझा दंडक. आत काचेच्या पेट्यांत निजलेली बाळं ओंजळीत मावतील एवढी. कुणाचा मळका हात लागला तरी त्यांच्या जिवावर बेततं. तिथे भीडभाड ठेवून कसं चालेल? एकदा मोठ्या डॉक्टरांना बोटातली अंगठी काढायला लावून परत धुवायला पाठवलं होतं. बिचारे निमूट गेले.

माझे स्वतःचे हात म्हणाल तर लालबुंद, खरखरीत, बोटांच्या सांध्यांवर भेगा पडलेले. इतकी वर्षं गरम पाणी आणि साबण, दुसरं होणार काय? नवीन पोरी हाताला क्रीम चोळायला लागल्या की मी म्हणायचे, “लग्नाला निघालीस का गं?” भेगांत साबण झोंबायचा, त्याचं मला उलट बरं वाटायचं. झोंबतंय म्हणजे काम करतंय, असा माझा हिशेब.

तर माझी मुलगी आमच्याच हॉस्पिटलात बाळंत झाली, आणि तीही दिवस भरायच्या आधी. मुलगी झाली. माझी नात माझ्याच खोलीत, माझ्याच नाकासमोर एका पेटीत येऊन निजली. पण आपल्या माणसाचं बाळ आपण सांभाळायचं नाही, दुसऱ्या सिस्टरकडे सोपवायचं, हाही नियम मीच केलेला. येता-जाता लांबून बघायचे आणि दुसऱ्याच्या बाळाकडे वळायचे. कसं जमवलं ते माझं मला माहीत.

मी वाट बघत होते ती तिच्या नाकातली नळी निघण्याची. नळी निघाली की अशा बाळाला उघड्या छातीशी धरून बसायचं असतं. आपल्या अंगाच्या उबेनं त्याचा श्वास थाऱ्यावर येतो, वजन धरतं. हे आईनं करायचं. पण मुलीला खोकला आणि ताप, तिला आत यायला बंदी. जावई बोटीवर, भर समुद्रात. आणि एका बाळाला धरणारं माणूस एकच, रोज तेच, असा नियम. म्हणजे कोण? मीच की, सिस्टर म्हणून नाही, आजी म्हणून! मनातल्या मनात मी त्या खुर्चीत केव्हाच जाऊन बसले होते.

आता विहीणबाई. मुलीच्या सासूबाई. त्यांचं शिवणाचं दुकान आहे, झुळझुळीत रेशमी कपडे शिवतात. पर्समध्ये क्रीमची डबी, सदान्‌कदा हात चोळत बसलेल्या. जाड भिंगांचा चष्मा, तो घसरणार आणि त्या बोटानं वर ढकलणार. बाळ झालं त्या दिवशी मी त्यांना घटकाभर आत घेतलं. हात धुतले त्यांनी, नाही कशाला म्हणू? पण धुतल्याबरोबर चष्मा वर ढकलला आणि तोच हात नातीच्या पेटीवर! माझा पारा असा चढला म्हणता!

त्यानंतर थोड्याच दिवसांत खोलीतल्या दोन बाळांच्या अंगावर पुवाचे फोड आले. ताप चढला. एका बाळानं दूध टाकलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. उद्या माझ्या नातीला झालं तर? तशीच तरातरा मुलीच्या खोलीत गेले. विहीणबाई तिथे बसलेल्या. त्यांच्या तोंडावर म्हणाले, “हे बाहेरून आलंय. आपला हात कुठं-कुठं जातो याचा ज्यांना पत्ता नसतो, त्यांनीच आणलंय.”

विहीणबाई उठल्या. पर्स उचलली. “मग मी आता येत नाही,” एवढं म्हणाल्या आणि गेल्या. मुलीनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

हॉस्पिटलात संसर्ग पसरू नये हे बघायला एक तरुण डॉक्टरीणबाई नव्यानं आल्या होत्या. त्यांनी खोलीत काम करणाऱ्या सगळ्यांच्या हातांवरून कापसाची काडी फिरवून तपासायला पाठवली. सगळ्यांत आधी मी हात पुढे केला. म्हटलं, घ्या, बघा, हात कसे असावेत ते.

नातीची नळी निघाली त्याच सकाळी डॉक्टरीणबाईंनी मला बाजूच्या चादरींच्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

“सिस्टर, त्या दोन बाळांच्या फोडांत जो जंतू आहे, तोच तुमच्या हातांवर निघालाय.”

“चूक झाली असेल. परत करा.”

“केलं. म्हणूनच सांगायला वेळ लागला.”

मला हसूच आलं आधी. “अहो, माझ्याइतके हात इथं कुणी धूत नाही!”

“तेच झालंय,” त्या म्हणाल्या. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. “तुम्ही एवढे धुतलेत की वरची कातडी राहिली नाही. भेगांमध्ये जंतूंनी घर केलंय. वरून कितीही साबण लावा, तो तिथवर पोचत नाही. औषध देते. भेगा भरेपर्यंत आत यायचं नाही.”

“हातमोजे घालते.”

“दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं, तर तुम्ही काय केलं असतं?”

बाहेर काढलं असतं. दंड धरून काढलं असतं. मी चादरींच्या ढिगाला टेकून उभी राहिले. नातीला मी अजून हातच लावला नव्हता, म्हणून ती वाचली होती. आणि इतर बाळं? ती तर मी स्वतःच्या हातांनी पुसली होती, कूस बदलली होती. देवा रे.

त्या दोन बाळांच्या आयांना मी स्वतः जाऊन सांगितलं. एक रडायला लागली. दुसरी म्हणाली, “तुम्ही माझ्या नखांवरून मला बोलला होता.” बोलले होते खरी.

आता नातीला धरणार कोण? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुसरी आजी आहे ना. मी म्हटलं, आहे. आणि दुकान गाठलं.

विहीणबाई एका झग्याची किनार दुमडत होत्या, ओठांत टाचण्या धरलेल्या. मला बघूनही त्यांनी टाचण्या काढल्या नाहीत. म्हटलं, हेच बरं, मध्ये बोलणार तर नाहीत.

“विहीणबाई, ते माझ्या हातांनी झालं होतं. तुमच्या नाही. माझ्या हातांवर निघालं. मला आत जायला बंदी आहे. पोरीला उराशी धरायला कुणी नाही. तुम्ही या.”

त्यांनी एकेक टाचणी काढून उशीत खोचली. सावकाश. मी उभीच.

“बोलून झालं?”

“झालं.”

“त्या दिवशी घरी जाऊन मी हात घासघास घासले,” त्या म्हणाल्या. “जेवण गेलं नाही मला. परक्यांची लेकरं माझ्यापायी मरतायत असं वाटत होतं. मुलाला बोटीवर काय सांगू तेही कळेना. हे कसं परत घेणार तुम्ही?”

“नाही घेता येत,” मी म्हणाले. त्यांनी झगा घडी करून ठेवला आणि दुकानाचं दार ओढून घेतलं.

डॉक्टरीणबाईंनी त्यांचे हात उलटसुलट करून पाहिले. एक भेग नाही, एक ओरखडा नाही.

“असे कसे ठेवलेत हो?”

“अहो, खरखरीत हाताला रेशमाचा धागा ओढला जातो. गिऱ्हाईक कापड तोंडावर फेकेल माझ्या.”

मी खाली बघितलं.

बेसिनपाशी मी त्यांच्या मागे उभी राहिले, हात पाठीशी बांधून. “अंगठा! अंगठा राहिला. आता बोटांच्या बेचक्या. आणि हे बघा, आत गेल्यावर चष्म्याला हात नाही.”

“घसरला तर?”

“घसरू दे.”

“पडला तर?”

“पडू दे!”

“बरं बाई, ओरडू नका.”

त्या आत गेल्या आणि मी काचेबाहेर. जिथं मी आजवर रडणाऱ्या बायकांना ‘इथंच थांबा’ म्हणून उभं केलं, तिथंच. सिस्टरनं नातीला पेटीतून काढून विहीणबाईंच्या छातीवर ठेवलं, वरून दुलई घातली. इवलीशी टोपी तेवढी दिसत होती. मग नातीनं तोंड माझ्याकडे वळवलं. खरं सांगते, मला त्या वेळी विहीणबाईंचा हेवा वाटला. नुसता जळफळाट झाला.

विहीणबाईंनी मान वाकवून तिच्याकडे बघितलं आणि चष्मा घसरायला लागला. त्यांचा हात उचलला गेला. हात अर्ध्यावर थांबला, आणि परत नातीच्या पाठीवर गेला. चष्मा नाकाच्या शेंड्यावरून सुटून खाली पडला. त्यांनी वाकूनही पाहिलं नाही.

बऱ्याच वेळानं त्या भिंत चाचपत बाहेर आल्या आणि माझ्या शेजारच्या बाकावर बसल्या. डोळे पाण्यानं भरलेले.

“विहीणबाई, कशी दिसते हो ती? मला नुसतं धुरकट दिसलं.”

मला वाटत होतं, सगळं यांनाच मिळालं. मग मी सांगितलं. कपाळ तुमच्या मुलाचं, रुंद. भुवया अजून उगवायच्यात. झोपेत एक ओठ मुडपते. विहीणबाई कान देऊन ऐकत होत्या.

“आणि हाताला कशी लागते?” मी विचारलं.

“गरम आहे. आधी धडपडत होती, मग माझ्याबरोबर श्वास घ्यायला लागली. वजन म्हणाल तर काही नाही, पण ठेवली की कळतं ठेवली.” मग पर्समधून डबी काढली. “आणा हात.”

“हात लावू नका मला! उद्या आत जायचंय तुम्हाला.”

त्यांनी डबी बाकावर माझ्या बाजूला सरकवली. “ही तुम्हालाच ठेवा. औषधानंतर लावा. माझ्यासमोर लावा, तुमचा भरवसा नाही.”

औषध खिशातच होतं. ते लावलं, मग डबी उघडली. काचेपलीकडे सिस्टर नातीची दुलई नीट करत होती. मी लावत होते, विहीणबाई डोळे बारीक करून माझ्या हातांकडे बघत होत्या.

“अंगठा,” त्या म्हणाल्या. “अंगठा राहिला.”

मी अंगठ्याला लावलं.