टेम्पोत लपवलेला विळा

मी एक जुना विळा आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला चित्रातच पाहिलं असेल. चित्रात मी फार देखणा दिसतो. खरा मी तसा नाही. माझं पातं झिजून अर्धं राहिलं आहे, टोकाजवळ एक खाच पडली आहे आणि बाभळीची मूठ दोनदा बदललेली आहे. पण धारेचं विचाराल, तर अजूनही कांद्याची पात माझ्यापुढे टिकत नाही. ही फुशारकी वाटेल, पण इतकी वर्षं राबल्यावर थोडी फुशारकी मारायला हरकत नसावी.

माझा जन्म राहुरीच्या आठवडे बाजारात, एका घिसाड्याच्या पालापुढे झाला. ट्रकच्या मोडक्या पाट्याचा तुकडा भट्टीत लाल करून नवरा चिमट्यात धरायचा आणि बायको घण घालायची. कलाबाई तिथे आल्या तेव्हा आम्ही आठ-दहा विळे फाटक्या पोत्यावर मांडलेले होतो. त्यांनी प्रत्येकाची धार अंगठ्याच्या नखावर पाहिली, नाक मुरडलं आणि प्रत्येकाला खाली ठेवलं. मला मात्र दोनदा उचललं.

"ह्यो हाताला बसतोय," त्या म्हणाल्या. एवढ्यावर माझं आयुष्य ठरलं.

कलाबाईंची वस्ती गावाबाहेर, कालव्याच्या अलीकडे. घर दोन खोल्यांचं. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्याखालच्या खिळ्याला मी टांगलेला असे. घरात सून अश्विनी, मुलगा सम्राट आणि दोन नातवंडं. सम्राट गवंड्याच्या हाताखाली मिळेल तिथे जाई आणि कलाबाई शेतमजुरीला. गव्हाची सोंगणी, सोयाबीनची सोंगणी आणि उन्हाळ्यात कांद्याची काटणी, म्हणजे कांद्याची वाळलेली पात कापून टाकायची. कांद्यात त्यांचा हात धरणारी बाई पंचक्रोशीत नव्हती. शेजारच्या सरीतल्या पुष्पावतीबाई तर चिडवायच्या, "कलाआक्का, जरा दमानं घे, न्हाईतर मालकाला वाटंल आमी झोपलोय." कलाबाई हसायच्या आणि मला आणखी जोरात चालवायच्या. त्या कौतुकातलं निम्मं माझं होतं, असं मी आजही मानतो.

कामाला नेणारा मुकादम म्हणजे बन्सी. तो पहाटे मालवाहू टेम्पो घेऊन चौकात उभा राही. येईल तितक्या बायका मागे भरायच्या. उभ्या, बसलेल्या, फाळक्याला, म्हणजे मागच्या उघडझाप फळीला, टेकलेल्या. नावं कोण लिहितो? बन्सी डोकी मोजायचा आणि निघायचा. कोणाच्या शेतात जायचं, हे बायकांना बहुतेक वेळा पोचल्यावर कळायचं.

या टेम्पोची एक रीत होती. मालाच्या गाडीत माणसं भरायची परवानगी नसते. म्हणून वाटेत कुणी अडवलं, तर सगळ्यांनी एकच सांगायचं: मोहट्याच्या देवीला चाललोय. देवीला निघालेल्या बायकांना सहसा कुणी खाली उतरवत नाही. पण देवीला विळे घेऊन कोण जातं? त्यासाठी आम्हा सगळ्या विळ्यांना एका पोत्यात कोंबून भाकरीच्या गाठोड्यांखाली लपवत. मला त्या पोत्याचा राग यायचा. चोरी न करता चोरासारखं दडून बसायचं, हे माझ्या स्वभावात नाही.

मग तो दिवस आला. सव्वीस बायका होत्या. कलाबाई शेवटी चढल्या, म्हणून कडेला फाळक्याला टेकून बसल्या. कालव्याच्या वळणावर फाळक्याची कडी निसटली आणि त्या मागच्या मागे रस्त्यावर पडल्या. उजवा हात कोपरात मोडला. मी पोत्यात होतो. त्यांची किंकाळी ऐकली, बाकी मला काही दिसलं नाही.

लगेच बन्सीचा आवाज आला. "दवाखान्यात इचारलं तर देवीला चाललो हुतो म्हना. टेम्पो जप्त झाला तर उद्यापासून समद्यांचंच काम बंद." आणि आमचं पोतं उचलून त्यानं शेजारच्या उसात फेकलं.

मित्रांनो, पुढची गोष्ट मला पुष्पावतीबाईंच्या तोंडून कळली. दवाखान्यात डॉक्टरांनी कलाबाईंनाच विचारलं. शेजारी बन्सी नव्हता, कुणाचा धाक नव्हता. तरीही त्या म्हणाल्या, "देवीला चालले हुते. तोल गेला." पंचवीस जणींची चूल आपल्या एका वाक्यावर आहे, असं त्यांना वाटलं. ज्या बाईनं जन्मात कुठल्या देवीला नारळ फोडला नव्हता, तिच्या नावापुढे देवदर्शनाचा प्रवास असं लिहिलं गेलं. त्या चांगुलपणानं त्यांचं फार मोठं नुकसान केलं.

दुसऱ्या दिवशी पोतं उसातून बाहेर निघालं, कारण बायकांना कामावर जायचं होतं. पुष्पावतीबाईंनी मला घरी आणून अश्विनीच्या हातात दिलं. प्लास्टरचा खर्च बन्सीनं केला. पुढच्या उपचाराला मात्र त्याच्याकडे काही उरलं नाही आणि मग तो त्या वाटेनं येईनासा झाला. अश्विनी शिकलेली, बारावी पास. ती शेतमालकाकडे गेली. तो म्हणाला, "बाई माझ्या वावरात पोचलीच न्हाई. मी तिला वळखत बी न्हाई." तो खोटं बोलत नव्हता. विम्याची, सरकारी मदतीची चौकशी केली, तर सगळीकडे एकच प्रश्न: या कामावर होत्या याला पुरावा काय? मी पुरावा होतो, पण मला कोण विचारतो?

हात वाकडाच जुळला. कोपर सरळ होईना, मूठ आवळेना. एकदा दुपारी घरात कुणी नसताना कलाबाईंनी मला खिळ्यावरून काढलं. मुठीभोवती बोटं गुंडाळायचा प्रयत्न केला आणि मी खाली पडलो. टोकाजवळची खाच त्या दिवशीची आहे. त्यांनी मला डाव्या हातानं उचलून परत टांगलं आणि त्या कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. पुढचं दीड वर्ष मी गंज खात होतो. मला गंजाचं दुःख नव्हतं. त्या माझ्यासमोरून जाताना मान दुसरीकडे वळवायच्या, त्याचं होतं.

दरम्यान पुष्पावतीबाईंच्या बचत गटात वेगळीच बोलणी सुरू झाली होती. मजूर बायकांनी आपलीच सहकारी संस्था काढायची. शेतकऱ्यानं मुकादमाला नाही, संस्थेला फोन करायचा. कोण बाई, कुठल्या गटात, कोणत्या कामाला, हे आदल्या दिवशी लिहायचं. बाकं असलेली, माणसं न्यायचा परवाना असलेली गाडी ठरवायची. प्रत्येकीचा विमा काढायचा. बैठक कलाबाईंच्याच ओट्यावर भरली, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

सुरुवातीला बायका घाबरल्या. एक म्हणाली, "कागदावर नाव लागलं की रेशन बंद हुतं." दुसरी म्हणाली, "मुकादम बोलवायचा न्हाई मग." अश्विनीनं रेशनच्या कचेरीत जाऊन नीट विचारून घेतलं, परत येऊन प्रत्येकीच्या दारात बसून समजावलं. तरी पहिल्या खेपेला सातच जणी तयार झाल्या.

नोंदवहीत पहिलं नाव कुणाचं घालायचं, असं अश्विनीनं विचारलं. पुष्पावतीबाई म्हणाल्या, "कलाआक्काचं."

"माझं नगं," कलाबाई म्हणाल्या. "मी आता मजूर न्हाई. थोटी बाई घेऊन काय करताल?"

मग पुष्पावतीबाई बोलल्या आणि त्यांचा आवाज नेहमीसारखा चेष्टेचा नव्हता. "तू कामाला जाताना पडलीस. आमी पंचवीस जनी बघत हुतो. एकीनं बी दवाखान्यात येऊन खरं सांगितलं न्हाई. तवा तू आमच्यासाठी खोटं बोललीस. आता आमी तुझ्यासाठी खरं बोलतो."

आणि त्या खरंच बोलल्या. बारा जणींनी सह्या-अंगठे करून लिहून दिलं, की कलाबाई त्या दिवशी कांद्याच्या कामाला निघाल्या होत्या. दवाखान्यातला जुना कागद मात्र बदलला नाही. इतक्या दिवसांनी तो बदलता येत नाही, असं सांगण्यात आलं. मोडलेल्या हाताची भरपाई कधीच मिळाली नाही. पण संस्थेच्या नोंदवहीत पहिलं नाव कलाबाईंचं लागलं, आणि ते दयेपोटी नव्हे. त्यांना काम दिलं गेलं: गाडीत बाकांवरच्या जागांपेक्षा जास्त बायका चढू द्यायच्या नाहीत, आणि शेतावर प्यायचं पाणी व सावली आहे का, हे पाहिल्याशिवाय कामाला हात लावू द्यायचा नाही. कलाबाईंना हे काम फार शोभलं. त्यांचा आवाज पहिल्यापासून कालव्याच्या पलीकडे जाणारा होता.

शेतकरी आधी कुरकुरले. "कागद कशाला? बाया कधी कागदावर आल्यात का?" पण कांदा शेतात उन्हानं भाजायला लागला की माणसाला शहाणपण येतं. संस्थेच्या बायका सांगितलेल्या वेळी, सांगितल्या तितक्या येत होत्या. फोन वाढले. सातच्या एकोणीस झाल्या. आणि तुम्हाला गंमत सांगतो, गाडी चालवायला कोण आलं? बन्सी. तो टेम्पो त्याचा कधीच नव्हता. दुसऱ्याच्या गाडीवर तोही बिनकागदाचाच राबत होता. पहिल्या दिवशी तो कलाबाईंसमोर मान खाली घालून उभा राहिला. त्या म्हणाल्या, "चहा घेतलास का?" मी त्यांच्या जागी असतो तर इतकं सोपं केलं नसतं.

मलाही पुन्हा धार आली. कलाबाईंनी मला दगडावर घासून पिशवीत ठेवलं होतं. उपयोग नव्हता, तरी रोज सोबत न्यायच्या. म्हणायच्या, "असू दे. इळा जवळ असला की बरं वाटतं."

गेल्या उन्हाळ्यातली सकाळ. गाडीत चौदा जागा आणि चौदा बायका, त्यात एक जागा कलाबाईंची. अश्विनी नोंदवही घेऊन खाली उभी होती. निघायच्या वेळी एक तरुण बाई धावत आली. तिचं नाव दिशा. ती खर्ड्याकडची. नवरा वीटभट्टीवर होता आणि ती चार दिवसांपूर्वीच वस्तीत राहायला आली होती.

"मावशी, मला घ्या. पोरगी शेजारी ठिवून आलेय. आज काम न्हाई मिळालं तर लई अवघड हुईल."

"जागा न्हाई, बाई. उद्या ये. आज नाव लाव."

"मी कडंला बसते."

गाडीतल्या बायका सरकायला लागल्या. "बसू दे की, आक्का. एकीनं काय हुतंय?" रस्त्याच्या पलीकडे दुसरा एक टेम्पो उभा होता. उघडा, खचाखच भरलेला. त्याच्या चालकानं दिशाला हाक मारली. "इकडं ये, हितं जागाच जागा हाय." ती वळलीसुद्धा.

कलाबाईंनी डाव्या हातानं तिचा दंड पकडला. "त्यात न्हाई बसायचं." मग त्या स्वतः खाली उतरल्या. "अश्विनी, हिचं नाव लिही. पुष्पा, आजच्याला पानी-सावली तू बघ. आणि ही माझ्या जागंवर बसंल."

"आत्या, तुमची आजची मजुरी जाईल," अश्विनी म्हणाली.

"जाऊ दे. लिही."

दिशाच्या हातात विळा नव्हता. कलाबाईंनी पिशवीतून मला काढलं आणि तिच्या तळव्यावर ठेवलं. गाडी निघाली. मी मागे पाहिलं. त्या रस्त्याच्या कडेला एकट्याच उभ्या होत्या, वाकडा हात पोटाशी धरून, आणि दिशा नीट बसली का, हे मान उंचावून बघत होत्या.

संध्याकाळी दिशा मला धुऊन-पुसून परत द्यायला आली. कलाबाईंनी माझ्या मुठीवरून एकदा अंगठा फिरवला. "ठिव तुझ्याकडं," त्या म्हणाल्या. "मला आता नाव हाय. तुला इळा पायजे."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? इतक्या वर्षांचा हात सुटला. पण दिशाचा हात चांगला आहे, शिकतो आहे, आणि मी आता कुठल्याच पोत्यात लपत नाही. सगळ्यांना दिसेल असा तिच्या पिशवीतून डोकावत कामाला जातो.

मित्रांनो, मला गंजू देऊ नका, असं मी मागणार नाही. लोखंड आहे, एक दिवस संपणारच. मागणं वेगळं आहे. तुमच्या घरी भांडी घासायला, बाग झाडायला, शेतात निंदायला कुणी येत असेल, तर आज त्यांचं पूर्ण नाव विचारा. आई-वडिलांनाही विचारा, त्यांना ते माहीत आहे का. माहीत नसेल, तर एका कागदावर लिहून घ्या, त्यांच्याच समोर, आणि बरोबर लिहिलं आहे ना, हे त्यांना वाचून दाखवा.