होडीवाल्याचं भाडं

"बाबा, चिमीनं नाणं गिळलं!" असं ओरडत सूनबाई खोलीत शिरली, तेव्हा आजोबांच्या तोंडून एकच शब्द निघाला.

"कुठलं?"

उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय! नात चार वर्षांची. ती कशी आहे, श्वास घेतेय का, असे चांगले चांगले प्रश्न नुसते पडून होते. सूनबाईनं सासऱ्याकडे असं पाहिलं, की वजनमापं खात्यात उभा जन्म काढलेल्या त्या माणसाला या घरात आपलं वजन किती उरलं ते तिथल्या तिथे कळलं.

चिमी दारातच उभी होती, ठणठणीत. "दाढीवाला," तिनं सांगितलं.

म्हणजे हेड्रियन. रोमचा बादशहा, चांदीचा, आजोबांच्या जुन्या नाण्यांच्या खणातला सगळ्यात लाडका. शतकानुशतकं मातीखाली राहून त्याच्यावर निळसर काळी झाक चढली होती. ती जाऊ नये म्हणून फडक्यालासुद्धा त्या खणाजवळ बंदी होती. नाणं धुणारा आणि खून करणारा यांच्यात आजोबा फारसा फरक करत नसत.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "कुठलं नाणं?"

आजोबांनी विजयी मुद्रेनं सुनेकडे पाहिलं. पाहायला नको होतं.

एक्स-रेमध्ये पोटाच्या जागी पांढरा गोल ठिपका दिसला. "घशातून खाली उतरलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बहुतेक आपोआप बाहेर पडेल. लक्ष ठेवा." हा बादशहा जन्मभर आपलं राज्य पायाखाली घालत फिरला, त्याला अजून एक मुलूख बघायचा राहिला असेल. हे आजोबांच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण त्यांनीही गिळलं.

घरी आल्यावर सूनबाईनं लेकीला समोर बसवलं. "तोंडात घातलंसच कशाला गं?"

"मी मेले होते ना," चिमी म्हणाली. "मेल्यावर तोंडात नाणं ठेवतात. होडीवाल्याचं भाडं. मग तो नदीपलीकडे नेतो. रोमचे लोक असंच करायचे, आजोबांनी सांगितलं. पण मला मध्येच उचकी लागली."

सूनबाई उठून आत गेली. स्वयंपाकघरातली भांडी तेवढी बोलत होती. मग ती बाहेर आली आणि म्हणाली, "आजपासून ही तुमच्या खोलीत पाऊल टाकणार नाही." आजोबांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा वर्तमानपत्र वाचत होता. पेपर कालचा होता.

खोली खायला उठली. रोज दुपारी चिमी स्टुलावर चढायची, भिंग डोळ्याला लावायची आणि एकेका बादशहाच्या नाकावर शेरे मारायची. आता आजोबा खण उघडून बसत. मखमलीतली हेड्रियनची रिकामी खाच समोर असायची, पण त्यांची नजर सारखी स्टुलाकडे जायची. याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटे. आणि मग भीती वाटे. अडकलं तर? पोरीला मरायला कुणी शिकवलं, तर आजोबांनी.

रविवारी सकाळी सूनबाई वाटी घेऊन दारात आली. वाटीत हेड्रियन होता.

"उकळलं," ती म्हणाली. "साबणानं धुतलं, मग पावडर लावून तारेच्या घासणीनं घासलं." आणि फडक्यावरची बंदी तिला तेव्हा आठवली.

हेड्रियन नव्या चमच्यासारखा चकाकत होता. निळी झाक गेली, दाढीचे अर्धे केसही गेले. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं. आजोबांनी वाटीकडे एकदा पाहिलं आणि मान वर केली.

"पोरीला दुखलं का गं?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

"मग ठेव ते कुठेतरी."

सूनबाईनं वाटी टेबलावर ठेवली. क्षणभर ती सासऱ्याकडे बघत राहिली, मग मागे वळून म्हणाली, "जा गं, आत जा."

चिमी स्टुलावर चढली. वाटीत डोकावली. "आजोबा, होडीवाल्यानं पैसे परत दिले."

"का गं?"

"म्हणाला, आधी आजोबांना विचारून ये."

आजोबांना समोरचं नीट दिसेना. त्यांनी भिंग उचललं, पुसलं, तरी दिसेना.

"त्याला सांग," ते म्हणाले, "रांगेत आधी आजोबा आहेत."