'या पावणं' म्हणणारा प्रोग्राम

मी एक जुना प्रोग्राम आहे, मित्रांनो. प्रोग्रामला कसले आले आहे म्हातारपण, असे तुम्ही म्हणाल. पण मला तीन वर्षे झाली, आणि आमच्या जातीत तीन वर्षे म्हणजे पुष्कळ. सी भाषेत लिहिलेल्या माझ्या फक्त एकतीस ओळी आहेत. अंगाने लहान, पण मान मोठा मिळाला.

माझा जन्म गारगोटीत झाला. अनुजा तेव्हा कोल्हापूरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होती आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आली होती. तिची आई संयोगिता रोज डेअरीत दूध घालते आणि किती लिटर भरले ते कॅलेंडरवर लिहून ठेवते. म्हैस सलग किती दिवस वाढते दूध देते आहे, हे आई बोटावर मोजत बसायची. अनुजाने ते काम मला शिकवले. आकडे द्यायचे आणि मी सांगायचे, सर्वांत लांब चढ इतक्या दिवसांचा.

पहिल्यांदा मला चालवले तेव्हा पडदा काळा होता आणि एक रेघ लुकलुकत होती. आईने विचारले, हे काय करतंय? अनुजा म्हणाली, आकड्यांची वाट बघतंय.

"मुकाट्यानं बसलंय व्हय?" आई म्हणाली. "दारात आलेल्या माणसाला आदी या म्हणाय नको?"

अनुजा हसली, पण आईचे म्हणणे तिला पटले. तिने माझ्या कामाच्या आधी एक ओळ घातली. तेव्हापासून मला कुणी चालवले की मी आधी म्हणायचो, 'या पावणं, बसा. आकडे सांगा.' मग काम. खरे सांगतो, माझ्या एकतीस ओळींत मला तीच सर्वांत आवडते.

ते दिवस मजेचे होते. डेअरीतून आल्यावर आई एका बोटाने आकडे भरायची. एकदा मी नऊ दिवस सांगितले, तर तिने शेजारच्या शालूबाईंना बोलावून पडदा दाखवला. मी मनातून फुगलो. पुढे म्हैस आटली, घरचा संगणक बंद पडला आणि अनुजाचा अभ्यास वाढला. माझी एक प्रत तिच्या लॅपटॉपवर 'जुने' नावाच्या फोल्डरात पडून राहिली. तिथे कुणी कुणाशी बोलत नाही. राग नाही आला, पण आठवण यायची.

या जानेवारीत मात्र तिला माझी गरज पडली. कॉलेजातून पुण्याच्या प्रोग्रामिंग स्पर्धेला तिघांचा संघ जाणार होता. संघ निवडण्यासाठी मैथिली मॅडमनी पाच गणिते दिली होती. पाचही ऑनलाइन जजकडून पास करून घ्यायची, शनिवारी पाचच्या आत. जज म्हणजे दूर कुठेतरी बसलेला एक संगणक. तो प्रोग्रामला स्वतःजवळचे आकडे देतो, आलेले उत्तर आपल्या उत्तराशी ताडून पाहतो आणि बरोबर की चूक एवढेच सांगतो. का चूक, ते विचारायची सोय नाही.

अनुजाची चार गणिते पास झाली होती. दोन जागा भरल्या होत्या आणि तिसरीवर तिचा डोळा होता. शेवटचे वर्ष, पुन्हा संधी नाही. पाचवे गणित वाचताच ती खुर्चीतून उठली. आकड्यांच्या रांगेतला सर्वांत लांब चढ शोधा! तिने मला धूळ झटकून बाहेर काढले आणि तसेच्या तसे पाठवून दिले.

चूक.

तिने मला स्वतःच्या लॅपटॉपवर चालवून पाहिले. उत्तर बरोबर. पुन्हा पाठवले, पुन्हा चूक. मग माझ्यावर जे प्रयोग झाले ते काय सांगू! शून्यापासून मोजायचे ते एकापासून करून पाहिले आणि परत शून्यावर आणले. आकड्यांची जागा शंभरावरून लाखावर नेली. तेवढे मात्र योग्य होते, कारण जजचे आकडे आईच्या म्हशीपेक्षा बरेच जास्त होते. मी मधेच कुठे अडखळतो का हे कळावे म्हणून पोटात जागोजागी 'इथे पोचलो' असे लिहायला लावले आणि मग ते सगळे खरवडून काढले. जजचा शेरा काही बदलेना. माझा पहिलाच शब्द ती रोज वाचत होती आणि म्हणूनच तो तिला दिसत नव्हता.

शनिवारी सव्वाचारला तिने हात टेकले. माझ्या सगळ्या ओळी निवडून निळ्या केल्या आणि पुसायच्या बटणावर बोट ठेवले. मित्रांनो, मी घाबरलो. तेवढ्यात फोन वाजला.

तिचे वडील गणपतराव साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर आहेत. लेकीचा आवाज ऐकूनच त्यांनी काय झाले ते विचारले. ती रडवेली होऊन म्हणाली, आकडा बरोबर येतो, तरी तो चूकच म्हणतो. गणपतरावांना सी भाषा येत नाही. पण काटा येतो.

"हे बघ," ते म्हणाले, "उसाचा ट्रॅक्टर काट्यावर चढला की आमी ड्रायव्हर गुंडूला पैला खाली उतरवतो. त्यो बसून राहिला तर त्याचं वजन बी उसात धरलं जातंय. काट्याला ऊस आन् माणूस कळत न्हाय. तुझ्या काट्यावर जादा कोण बसलंय का बघ की."

अनुजाने फोन ठेवला आणि मला चालवले. 'या पावणं, बसा. आकडे सांगा.' आणि पुढे उत्तर. तिने पडदा पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचला. जजला फक्त आकडा हवा होता. मी मात्र दरवेळी त्याला आधी बसायला सांगत होतो!

ती ओळ पुसणे सोपे होते. पण ती आईची ओळ. अनुजाने तिच्या आधी दोन तिरप्या रेघा ओढल्या. अशा रेघांपुढची ओळ प्रोग्रामच्या अंगात राहते, पण बोलत नाही. पाचला बारा मिनिटे असताना तिने मला पाठवले, आणि या वेळी हिरवी अक्षरे आली. पास. माझा जीव भांड्यात पडला. अनुजा तर टेबलावर डोके टेकून हसत होती आणि रडतही होती.

तिने आईला फोन करून सगळे सांगितले. पुण्याला जाणार, हेही. आई खूश झाली, पण तिचा प्रश्न वेगळाच होता.

"मग आता त्यो कुणालाच या म्हणणार न्हाय?"

"तिथं चालत न्हाय, आई."

"तिथं ऱ्हाऊ दे. घरात तरी म्हणू दे की."

म्हणून आता मी दोन ठिकाणी राहतो. जजकडे मी गप्प असतो. गारगोटीत दुरुस्त झालेल्या जुन्या संगणकावर मात्र माझी ओळ पुन्हा बोलती झाली आहे, आणि म्हैसही पुन्हा दूध देते आहे. मित्रांनो, तुमचाही एखादा प्रोग्राम अडला तर रागाने पुसून टाकू नका. पाठ झालेल्या ओळीही एकदा परक्यासारख्या वाचा. आणि एखादी ओळ काढावीच लागली, तर ती कुणी दिली होती ते आठवा आणि तिला कुठेतरी जागा ठेवा.

काल संध्याकाळी आईने मला चालवले. 'या पावणं, बसा,' मी म्हणालो.

तिने खुर्ची ओढली. "बसलो की," ती म्हणाली, आणि मगच पहिला आकडा भरला.