पदरचं वाक्य

तारीखबाईंनी चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आणि निवृत्त झाल्यावरही त्यांना तो सोडवेना. दर शनिवारी संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर त्या व्याख्यान देत. राजे कसे झाले, कर कोणी बसवले, दरबारात कोणती भाषा चालली आणि बाजारात कोणती, असे विषय. ऐकायला चाळीस-पन्नास माणसं, त्यातली निम्मी पिकल्या केसांची. 'तारीखबाई' हे नाव पोरांनी चिडवायला ठेवलेलं, पण गावाने ते मानाने उचललं होतं. कागदात नाही ते बाईंच्या तोंडात नाही, असा लौकिक. त्या बोलल्या म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

गावाला पडलेल्या जुन्या वेढ्यावर बोलायचं होतं, त्या आठवड्यात त्यांच्या कपाटाचं कुलूप अडकलं. टिपणं सगळी आत. त्यांच्याकडे राहणाऱ्या धाकट्या बहिणीने पश्चिम वेशीजवळच्या कुलूपवाल्याला बोलावलं. पन्नाशीचा, मितभाषी माणूस. अर्धा तास खाली मान घालून खटपट केली, पण कपाट उघडल्यावर आतला नकाशा बघून त्याची जीभ सुटली.

"ही आमची वेस," तो म्हणाला. "हिच्या किल्ल्या आमच्या घराण्याकडे होत्या म्हणतात. वडील अजून सांगतात. अख्खं गाव आमच्या भरवशावर झोपायचं."

"मग या की शनिवारी," बाई म्हणाल्या. "वेढ्यावरच बोलणार आहे."

तो आला. इस्त्रीचा शर्ट घालून, बायकोला घेऊन, दुसऱ्या रांगेत बसला.

त्या दिवशी व्याख्यान रंगेना. उकाडा होता, पंखा कुरकुरत होता आणि मागच्या रांगेतून दोघेजण उठून गेले होते. आधीच्या शनिवारी बाहेरच्या एका वक्त्याने सभागृह हसवून सोडलं होतं. तेव्हापासून वाचनालयाचे चिटणीस बाईंच्या मागे लागले होते, "बाई, जरा रंगवून सांगा की." बाई वेढ्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत आल्या. कागदात होतं ते इतकंच: पहाटे पश्चिम वेस उघडी सापडली, आणि वेसकराचं घर रिकामं. समोर एक गृहस्थ उघड उघड जांभई देत होते. बाईंनी टिपणं मिटली.

"वेस आपोआप उघडत नाही," त्या म्हणाल्या. "ती उघडली वेसकराने. शत्रूला आत घेतलं आणि आपण पळाला. आणि गंमत बघा, त्याचे वंशज आजही त्याच वेशीपाशी बसून तुमच्या-आमच्या घरांच्या किल्ल्या बनवतात."

सभागृह हास्यात बुडालं. जांभई देणाऱ्या गृहस्थांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. बाईंना क्षणभर इतकं बरं वाटलं, की दुसऱ्या रांगेकडे बघायचं त्यांना सुचलंच नाही. बघितलं तेव्हा कुलूपवाला हसतच होता, पण ते हसू आधीचं, चेहऱ्यावर तसंच राहून गेलेलं. बायको मांडीवरच्या पिशवीकडे बघत होती.

घरी येताना बाई स्वतःला समजावत राहिल्या: शक्यता तर होतीच. वेस उघडी, घर रिकामं. दुसरं काय निघतं त्यातून?

चिटणिसांनी व्याख्यानाच्या चित्रफितीतला तेवढाच तुकडा कापून फोनवर पाठवून दिला. ह्या हातातून त्या हातात करत तो गावभर झाला. तीन आठवड्यांनी धाकटी बहीण जादा किल्ली करून आणायला गेली आणि परतली ती चप्पल न काढताच स्वयंपाकघरात आली.

"ताई, दुकानात चिटपाखरू नाही. शटरवर कोणीतरी 'फितूर' लिहून ठेवलंय. त्याने घासलंय, पण वाचता येतं. शेजारच्या इमारतीवाल्यांनी काम काढून घेतलं. म्हणे, घराची किल्ली कशी द्यायची ह्याच्या हातात?"

"लोक चेष्टा करतात."

"तू बोललीस ते खरं होतं का?"

"शक्य होतं."

"मी शक्य आहे का असं विचारलं नाही."

बाईंनी ताट पुढे सरकवलं. चौतीस वर्षांत किती मुलांच्या वह्यांत त्यांनी लाल शाईने लिहिलं होतं, 'हे कशावरून?'

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दुकानात गेल्या. त्याने स्टूल पुसून दिलं. तो चिडला असता तर बरं झालं असतं.

"तुम्ही त्या दिवशी तिथे होतात," बाई म्हणाल्या. "काही बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? तुम्ही कागद बघून बोलता. बायकोला म्हटलं, असेल बुवा खरं. आपल्याला कुठे कोणी वाचून दाखवलं?" तो कानस हातात फिरवत राहिला. "तो कागद बघायला मिळेल का, बाई? वडील विचारत होते."

"कागदच नाही," बाई म्हणाल्या. "वेस उघडी होती एवढंच लिहिलंय. बाकीचं माझ्या पदरचं. तुम्ही विश्वासाने सांगितलंत, आणि मी ते टाळीसाठी वापरलं."

त्याने कानस खाली ठेवली. मग म्हणाला, "हे मला सांगून काय उपयोग? जिथे बोललात तिथे सांगा."

पुढच्या शनिवारी बाईंनी विषय बाजूला ठेवला आणि उभं राहून सगळं सांगितलं. कागदात काय आहे, आपण काय घातलं, कशासाठी घातलं. कुलूपवाला दाराजवळ उभा होता. बाईंना वाटलं, झालं, सुटले. तेवढ्यात एक निवृत्त अधिकारी उठले.

"बाई, मोकळेपणाने सांगा. कोणी दबाव आणलाय का तुमच्यावर?"

"नाही. मी खोटं बोलले होते."

"तुम्ही? आणि खोटं?" ते मागे वळून सगळ्यांकडे बघत हसले. "आमचा नाही विश्वास बसत." माना डोलल्या. इतक्या वर्षांचा लौकिक असा आडवा आला. बाईंनी दाराकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं.

मग त्यांनी पायपीट सुरू केली. एकेका इमारतीच्या सेक्रेटरीला गाठायचं, मूळ ओळीची प्रत दाखवायची, आपली चूक सांगायची. एकाने उभ्या उभ्या ऐकलं, दुसऱ्याने दारच उघडलं नाही. बाकीच्यांपैकी दोघांनी कुलूपवाल्याला परत काम दिलं. तेवढंच.

शेवटी त्यांनी त्याच्या वडिलांना भेटायचं ठरवलं. कुलूपवाला आढेवेढे न घेता दुकानामागच्या खोलीत घेऊन गेला. म्हातारबा खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. बाईंनी प्रत उलगडून ती ओळ मोठ्याने वाचली, दोनदा.

"एवढंच?" म्हातारबा म्हणाले.

"एवढंच. फितुरीचं एक अक्षर नाही."

"तुम्ही भल्या आहात, बाई. माझं वय बघून बोलताय."

"नाही हो. खरंच नाही."

"मग घर रिकामं का होतं?"

बाईंनी कागदाकडे पाहिलं. सगळे मारले गेले असतील. आधीच बाहेर गेले असतील. किंवा खरंच पळाले असतील. तिन्ही उत्तरं जिभेवर आली, आणि त्यातलं पहिलं दिलं असतं तर म्हातारबांना त्या रात्री झोप लागली असती, हेही त्यांना कळत होतं.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या.

म्हातारबांनी मान हलवली. कबूल केलं की सोडून दिलं, ते बाईंना समजलं नाही. सुनेने पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

बाईंची व्याख्यानं चालू राहिली, गर्दी मात्र ओसरत गेली. आता त्या दोन वाक्यांआड थांबतात आणि 'हे आपल्याला माहीत नाही' म्हणतात. ऐकणाऱ्यांना ते कंटाळवाणं वाटतं. शनिवारी वाचनालयात जाताना त्या वेशीच्या रस्त्यानेच जातात. कुलूपवाला दिसला की मान लववतो. बाई थांबत नाहीत. अजून तरी त्याने त्यांना पुन्हा 'बसा' म्हटलेलं नाही.